दिवसाउजेडी

यरुशलेमेत एक परूशी राहत असे. न्यायसभेचा सभासद, नियमशास्त्राचा जाणकार, लोकांनी अडल्यावर विचारायला जावं असा गुरू. सोवळंओवळं तर या परूशी मंडळींचा जीव की प्राण. जेवणाआधी हात धुण्यापासून भांडी घासण्यापर्यंत सगळं रीतीने चालायचं.

एके रात्री तो गालीलातून आलेल्या एका सुताराच्या मुलाला भेटायला गेला. दिवसा गेला असता तर चार लोकांनी पाहिलं असतं.

त्याने आदराने सुरुवात केली. आपण देवाकडून आलात हे आम्हाला कळतं, असं काहीसं म्हणाला. समोरच्याने ती स्तुती बाजूला ठेवली आणि सांगितलं, नव्याने जन्मल्याशिवाय देवाचं राज्य कुणाला दिसायचं नाही.

पाहुणा गोंधळला. म्हातारा माणूस पुन्हा आईच्या पोटात कसा जाणार? त्याने तसं विचारलंही. उत्तर मिळालं ते वाऱ्याचं. वारा हवा तिकडे वाहतो, त्याचा आवाज ऐकू येतो, पण कुठून आला नि कुठे चालला ते कळत नाही. आत्म्यापासून जन्मलेल्याचंही तसंच. "पण हे व्हायचं कसं?" पाहुणा एवढंच बोलू शकला. पुढे यजमान बराच वेळ बोलला, हा मात्र गप्प. त्याला पटलं की नाही, कुणी लिहून ठेवलेलं नाही.

दिवस गेले. गालीलकराला धरून आणायला पाठवलेले शिपाई हात हलवत परत आले आणि पुढारी खवळले. तेव्हा या गृहस्थाने विचारलं, "माणसाचं ऐकून न घेताच त्याला दोषी ठरवायचं, असं आपलं शास्त्र सांगतं का?" मुद्दा शास्त्राचा होता, आपण त्याच्याकडे जाऊन आलो, हे त्याने गिळलं. तरी बाकीचे उसळलेच: "तूही गालीलचाच की काय?"

मग वल्हांडणाचा सण आला. त्या सकाळी पुढारी कैद्याला घेऊन रोमी सुभेदाराच्या वाड्यापर्यंत गेले, पण आत पाऊल टाकेनात. परक्याच्या घरात शिरून विटाळ झाला, तर सणाचं जेवण कसं जेवणार? शेवटी सुभेदारच बाहेर आला. आपलं सोवळं जपत त्यांनी एका निरपराध माणसाचा जीव मागितला, आणि त्यांना तो मिळाला.

शब्बाथ लागायला थोडाच अवकाश होता. शिष्य बहुतेक पांगले होते. अरिमथाईचा योसेफ, जो आजवर भीतीपोटी छपून शिष्य राहिला होता, त्याने सुभेदाराकडून प्रेत मागून घेतलं. आणि हा म्हातारा आला. गंधरस आणि अगरू यांचं मिश्रण घेऊन आला, आजच्या मापाने सुमारे ३३ किलो. एवढं ओझं झग्याखाली लपत नाही, आणि त्याचा वास तर माणसाच्या आधी गल्लीत शिरतो. दोघांनी तो रक्ताळलेला देह उचलला, तागाच्या पट्ट्यांत गुंडाळला. पट्टीच्या प्रत्येक वेढ्यात सुगंधी द्रव्य भरत गेले.

हा निकदेम. आपल्या प्रार्थनासभांत साक्ष द्यायला उठलेली माणसं आपल्या नव्या जन्माची तारीख सांगतात, आणि ज्यांना ती सांगता येत नाही ती बिचारी खाली मान घालून बसतात. निकदेमाची तारीख योहानाच्या शुभवर्तमानात नाही. त्या रात्री, सभेत, की कबरेपाशी? मला वाटतं, त्याला स्वतःलाही ती सांगता आली नसती. दिसतं ते एवढंच, की लोकांच्या नजरा चुकवून आलेला माणूस या खेपेला उजेडी आला, आणि जन्मभर जपलेलं सोवळं त्याने एका मेलेल्या माणसासाठी मोडलं. तेही कशाच्या आशेने? तो माणूस आता त्याला काही देऊ शकेल, असं त्या संध्याकाळी कुणालाच वाटत नव्हतं.

प्रेताला शिवणारा सात दिवस अशुद्ध, असा नियम होता. म्हणजे ज्या सणासाठी बाकीचे वाड्याबाहेर ताटकळले, तो सण निकदेमाच्या हातून गेला. अशा माणसांसाठी मोशेच्या नियमशास्त्रात एक सोय होती. त्यांनी पुढच्या महिन्याच्या चौदाव्या दिवशी वल्हांडण पाळावा. निकदेमाला तोवर थांबावं लागलं असणार.