‘नको’ म्हणणारा सोबती

एकट्यानं सॅक पाठीला लावून चार-पाच दिवस डोंगर हिंडायला निघालं की घरचे विचारतात, “सोबत कुणीच नाही?” त्यांच्या डोळ्यांसमोर बिबट्या असतो, साप असतो, क्वचित एखादं भूतही. पण सह्याद्रीत माणूस इतका एकटा पडत नाही. रतनगडाहून कात्राबाईची खिंड ओलांडून हरिश्चंद्रगडाला जाणारी वाट घ्या. अकोले तालुक्यातली ही नामांकित चाल. 1986 पासून हा मुलूख अभयारण्य आहे, तरी रतनवाडी, कुमशेत, पाचनई अशी गावं लागतात, गुराखी भेटतात, पाणी विचारायला दार सापडतं. एकट्याला खरी उणीव भासते ती ‘नको’ म्हणणाऱ्याची.

चौघांच्या गटात एक तरी कुरकुऱ्या असतोच. त्याचे गुडघे आधी दुखतात, त्याला पाणी आधी लागतं, आणि “अंधार पडेल, परत फिरू” हे तोच आधी बोलतो. सगळे त्याची टिंगल करतात. गट मात्र पुष्कळदा त्याच्यामुळेच सुखरूप घरी येतो. एकट्याच्या डोक्यात बाजू मांडणारा एकच असतो, आणि तो नेहमी पुढे जाण्याचीच बाजू मांडतो. अर्धा तासच राहिलाय. वाट हीच असणार. इतकं आलोय तर...

डोंगरातल्या अडचणी बहुधा नाटकी नसतात. एकदा कात्राबाईच्या चढावर माझ्या बुटाचा तळ उकलून लोंबायला लागला. बूट दिसायला नवा होता, फारसा वापरलेलाही नव्हता. पुढे कळलं की अशा तळातलं पॉलियुरेथेन न वापरताही, नुसत्या हवेतल्या दमटपणानं कुजतं. माळ्यावर जपून ठेवलेले बूट म्हणूनच दगा देतात. सुतळीनं बांधून चालता येतं, पण चाल निम्म्यावर येते. त्यात पावसाळ्यानंतर गवत छातीला लागलेलं असतं आणि मळलेल्या वाटेला ढोरवाटा फुटलेल्या असतात. ढोरांना गडावर जायचं नसतं, चाऱ्याकडे जायचं असतं. त्यामुळे ढोरवाट सुरुवातीला चांगली रुंद असते, मग तिला फाटे फुटत जातात आणि शेवटी ती कारवीत विरून जाते. तेवढ्यात परतीच्या पावसाची सर आली, की शेवाळलेल्या कातळावर एकेक पाऊल तपासून टाकावं लागतं.

यातली कुठलीच गोष्ट जीवघेणी नाही. पण प्रत्येक अडचण थोडा उजेड खाते, थोडं पाणी खाते, आणि पुढचा निर्णय आधीपेक्षा दमलेल्या माणसाच्या हाती सोपवते. अपघाताच्या बातमीत ‘पाय घसरून’ एवढंच छापून येतं. पाय घसरण्याआधी दुपारपासून काय काय घसरत गेलं होतं, ते येत नाही.

अलास्कातली क्रिस्टोफर मॅककॅन्डलेसची गोष्ट अनेकांनी सिनेमात पाहिली असेल. 1992 च्या एप्रिलमध्ये तो एकटा रानात शिरला आणि एका सोडून दिलेल्या बसमध्ये राहिला. जुलैमध्ये तो परत निघाला, तेव्हा येताना सहज ओलांडलेली टेक्लानिका नदी फुगलेली होती. तो बसकडे वळला आणि ऑगस्टमध्ये तिथेच मरण पावला. त्या काठावरून थोड्याच अंतरावर लोखंडी दोरावरून नदी ओलांडायचा पाळणा होता. त्याच्याजवळ नीट नकाशा नव्हता, आणि “जरा खाली जाऊन बघू” म्हणणारंही कुणी नव्हतं. पुढे ती बस पाहायला लोक जाऊ लागले. काहींना सोडवून आणावं लागलं, दोघींचा त्याच नदीत जीव गेला, आणि 2020 मध्ये सरकारनं हेलिकॉप्टरनं बस उचलून नेली. एका माणसाच्या अडचणीचं तीर्थक्षेत्र झालं की असं होतं.

आपल्याकडेही ‘अडचणी आल्या म्हणून तर मजा आली’ असं ऐटीत सांगायची रीत आहे. मला ती पुरती पटत नाही, कारण त्या मजेचा खर्च दुसऱ्या कुणाच्या तरी वहीत मांडलेला असतो. रात्री उशिरा दार ठोठावणाऱ्याला भाकरी आणि घोंगडी देणारं घर उद्याच्या पिठातून देत असतं. कुणी हरवलं की बॅटऱ्या घेऊन आधी वाडीतली पोरं निघतात. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक आपली कामं टाकून दोर घेऊन धावतात.

म्हणून एकट्यानं जाऊ नये, असं माझं म्हणणं नाही. आपल्या चालीनं चालणं, वाटेल तिथं तासभर बसणं, कुणाशीही न बोलणं हे गटात मिळत नाही, आणि त्यासाठी मी पुन्हा जाईन. फक्त विरोधी पक्ष निघण्याआधीच नेमायला हवा, कारण थकल्यावर तो सापडत नाही. वाडीतलं शेवटचं घर हे काम फुकट करतं. “आता कुठं निघाला, दादा? खिंडीत अंधार व्हईल, राहा इथंच,” असं तिथला म्हातारा म्हणतो, तेव्हा त्याचं ऐकावं. हातातलं घड्याळ कितीही महागाचं असलं तरी त्यानं ती खिंड म्हाताऱ्यापेक्षा जास्त वेळा ओलांडलेली नाही. मुक्काम केलात तर जेवणाचे आणि राहण्याचे पैसे न मागता द्या.

आणि निघताना घरी एक कागद ठेवा. वाट, मुक्कामाची गावं, आणि रोज दुपारी किती वाजता जिथं असाल तिथून परत फिरायचं, ती वेळ. ती घरीच लिहा, खिंडीत पोहोचल्यावर ठरवू नका.