दुसरी फेरी

वाशीमच्या शिवारात आश्विनात सोयाबीनची सोंगणी सुरू होते, पण सकाळी सकाळी मळणीची घाई कुणी करत नाही. शेंगा दवाने ओल्या असतात. ऊन चढेपर्यंत थांबावंच लागतं. त्या वेळात धुऱ्यावरच्या गवताकडे जरा वाकून पाहावं. पात्यावर दवाचा थेंब असतो आणि त्या थेंबाखालची पात्याची शीर ठळक, मोठी दिसते. थेंब हे भिंगच असतं. त्याला कुणी घासलेलं नसतं, पॉलिश केलेलं नसतं. पाण्याचा पृष्ठताण सगळा पृष्ठभाग आवळून धरतो, म्हणून त्यावर ओरखडा टिकतच नाही.

काचेकडूनही हे काम करून घेता येतं. रॉबर्ट हूक यांनी १६६५ साली ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात ती रीत लिहून ठेवली. काचेचा बारीक धागा ज्योतीत धरला की टोक वितळून त्याचा गोल मणी होतो आणि तो मणी सूक्ष्मदर्शकाचं भिंग म्हणून वापरता येतो. आज त्या ज्योतीच्या जागी लेझर आला आहे. या लेझरची गोष्ट आपल्या महाराष्ट्राच्या जवळची आहे. १९३८ साली बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले चंद्रकुमार पटेल अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये काम करत होते. तिथे १९६४ साली त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेझर तयार केला. त्याचा प्रकाश अवरक्त, डोळ्यांना न दिसणारा. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. साधा उजेड ज्या काचेतून बिनदिक्कत आरपार जातो, तीच काच हा प्रकाश पृष्ठभागापाशीच शोषून घेते. त्यामुळे धग खोल न जाता वरच्या पातळ थरातच राहते. काचेवर बारीक काम करायला याहून सोयीचं काय असेल!

ग्रामपंचायतींपर्यंत जी ऑप्टिकल फायबर केबल पोचते आहे, तिच्यातल्या काचतंतूचा प्रकाश वाहून नेणारा गाभा जेमतेम नऊ मायक्रॉनचा असतो. एवढ्या चिंचोळ्या वाटेत प्रकाश नेमका शिरवायचा, तर मिलिमीटरभराचं किंवा त्याहूनही लहान भिंग लागतं. अशी भिंगं करण्याच्या अनेक पद्धती आहेत. त्यातली पटेलांच्या लेझरची पद्धत दोन फेऱ्यांत चालते.

पहिल्या फेरीत झोत तीव्र असतो. स्पंदनामागून स्पंदन काचेवर पडतं आणि प्रत्येक वेळी थोडीशी काच वाफ होऊन उडून जाते. कुठे किती उडवायची याचा हिशोब आधीच केलेला असतो. हळूहळू सपाट काचेवर फुगीर आकार उमटतो. मोजून पाहिलं तर वक्रता बरोबर, उंची बरोबर. तरीही हे भिंग निकामी असतं, कारण प्रत्येक स्पंदनाने मागे एक बारीकसा खड्डा ठेवलेला असतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण अर्धा मायक्रॉन. पृष्ठभागाची खडबड त्याहून कितीतरी कमी हवी. नाहीतर प्रकाश एका जागी गोळा न होता विखरून जातो.

म्हणून दुसरी फेरी. लेझर तोच, जागा तीच, फक्त धग कमी केलेली. आता काही उडवायचं नसतं. वरचा पातळ थर क्षणभर मऊ होतो आणि पृष्ठताण दवाच्या थेंबावर करतो तेच काम इथे करतो. खड्डे भरून निघतात, कंगोरे बसतात, काच नितळ होते. मात्र ही धगही मोजूनच द्यावी लागते. ती जास्त झाली, तर पहिल्या फेरीत मेहनतीने घडवलेला आकारच वाहून जातो.

आपण माणसं एकमेकांना घडवताना बहुतेकदा पहिल्याच फेरीवर थांबतो. मुलाची चूक दाखवतो, वहीवर लाल शाईने गोल करतो, हाताखालच्या माणसाला चार शब्द सुनावतो. बोललेलं खरं असतं, गरजेचंही असतं. त्याने वागण्याला आकार येतो, पण ज्याला ऐकावं लागलं त्याच्या मनावर बारीक खड्डे राहतात. मग त्या मुलाला गणित येतं, पण फळ्यापाशी जायला त्याचे पाय अडखळतात. कामगार काम बिनचूक करतो, पण शंका विचारायला येत नाही. आकार बरोबर असतो आणि तरीही प्रकाश विखरतो. अशा वेळी आपण पुन्हा पहिलीच फेरी मारतो, आणखी कडक शब्दांत. म्हणजे आणखी खड्डे.

चांगला शिक्षक दुसऱ्या दिवशी त्याच मुलाशेजारी बाकावर बसतो. तीच वही, तेच चुकलेलं गणित, पण आवाज मऊ. दोन पायऱ्या तो स्वतः सोडवतो आणि तिसरीला पेन्सिल मुलाच्या हातात देतो. चूक माफ केली असं तो म्हणत नाही, कालचं बोलणं मागेही घेत नाही. लाड करून कालची शिस्त विरघळवून टाकायची नसते, हेही त्याला ठाऊक असतं. बाकीचं काम मुलाचं मनच करतं. त्याला फक्त पुरेशी ऊब हवी असते.

ही दुसरी फेरी ज्याने पहिली मारली त्यानेच मारायची असते. बाप रागावला आणि आईने जवळ घेतलं, तर मुलाला आई मिळते. पण बापाचं बोलणं टोचतच राहतं. काल आपल्या खऱ्या बोलण्याने कुणी दुखावलं असेल, तर आज त्याच माणसाकडे त्याच विषयावर थोडा वेळ काढून जाऊ या. कालचं काम तिथे अर्धं राहिलं आहे.