पक्की वही आणि कच्ची वही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी चौरंगावर साळीच्या लाह्या, बत्तासे आणि नवी केरसुणी यांच्या शेजारी येत्या सालाची कोरी वही मांडण्याचा आमच्या घरातील परिपाठ माझे वडील साताऱ्यास एका आडत पेढीवर दिवाणजी होते तेव्हापासूनचा आहे. आणि पुढे ती पेढी बंद पडली, वडील गेले, मी स्वतः सहकारी बँकांच्या लेखापरीक्षणात उभी हयात घालवून आता कॅलिफोर्नियातील डब्लिन या गावी मुलाकडे येऊन राहिलो, तरी तो परिपाठ काही आम्ही मोडला नाही. गेल्या दिवाळीत वहीच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावता लावता सूनबाईने सहज विचारावे तसे विचारले, "बाबा, तुम्ही हिशेबातले. महिन्याला शंभर डॉलरचे बिटकॉइन घ्यावे म्हणते. घेऊ का?" प्रश्न सावध माणसाचा होता आणि सावध माणसाला नुसते हो किंवा नाही म्हणून वाटेला लावणे मला रुचेना, म्हणून मी तिच्याकडून वर्षभराची मुदत मागून घेतली. हा लेख म्हणजे त्या मुदतीचा जमाखर्च.

डब्लिन म्हटल्यावर वाचकाच्या डोळ्यांसमोर आयर्लंड उभे राहील, पण हे डब्लिन सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरापासून पूर्वेला, टेकड्यांच्या कुशीत वसलेले आहे. नगरपालिका १९८२ची, उपसागरापलीकडे नेणारी बार्ट रेल्वे येथवर पोहोचली ती १९९७त, आणि २०२०च्या शिरगणतीत वस्ती भरली ७२,५८९. त्यांत निम्म्याहून अधिक लोक आशियाई वंशाचे, आणि त्यांतही आपली मंडळी इतकी की संध्याकाळी बागेच्या बाकावर बसले असता भाचीच्या लग्नापासून घराच्या हप्त्यापर्यंत सर्व विषयांवरील मराठी कानांवर पडते. हल्ली त्या संभाषणात क्रिप्टोचा शिरकाव झाला आहे. हे गाव ज्या काउंटीत मोडते (आपल्याकडे तिला परगणा म्हटले असते) तिचे नाव अलामेडा. शब्द मूळचा स्पॅनिश. अर्थ पॉपलर वृक्षांची राई. हे नाव वाचकाने ध्यानात ठेवावे, पुढे त्याच्याशी गाठ पडणार आहे.

वडिलांच्या पेढीवर दोन वह्या असत. दिवसभराची देवघेव घाईने टिपायची ती कच्ची वही; तीत खाडाखोड चाले. रात्री दिवे लागल्यावर त्या टिपणांवरून रोजकीर्द लिहिली जाई, ती पक्की. पक्क्या वहीत चूक झाली तरी ती खोडायची नाही, तिच्या खाली उलट नोंद घालायची, हा दंडक वडील देवाज्ञेप्रमाणे पाळीत. बिटकॉइन म्हणजे काय हे समजावून घेऊ लागलो तेव्हा मला प्रथम आठवली ती ही रोजकीर्द. सातोशी नाकामोतो या टोपणनावाच्या अज्ञात इसमाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी जो आराखडा प्रसिद्ध केला आणि ३ जानेवारी २००९ रोजी जो प्रत्यक्षात सुरू झाला, त्याचे सार एवढेच की ही रोजकीर्द कोणा एका पेढीच्या तिजोरीत न राहता तिच्या तंतोतंत नकला जगभरच्या हजारो संगणकांवर नांदाव्यात. सुमारे दर दहा मिनिटांनी नव्या नोंदींचे एक पान तीस जोडले जावे. प्रत्येक पानावर मागील पानाची अशी मोहर असावी की जुन्या पानात एक अक्षर बदलले तर पुढील सर्व मोहरा खोट्या ठराव्यात. आणि जो पान जोडण्याचे कष्ट घेईल त्याला नवी नाणी मेहनताना म्हणून मिळावीत. हा मेहनताना आरंभी पानास ५० नाणी होता, तो साधारण दर चार वर्षांनी निम्मा होत एप्रिल २०२४पासून ३.१२५वर आला आहे, आणि एकंदर नाणी २ कोटी १० लाखांपलीकडे जावयाची नाहीत. लेखापरीक्षकाच्या नजरेने पाहता ही वही विलक्षण स्वच्छ आहे. ऑगस्ट २०१०मध्ये प्रणालीतील एका दोषामुळे तीत एकाएकी १८,४४६ कोटी नाणी उमटली होती खरी, पण ती चूक सर्वांच्या देखत पकडली जाऊन काही तासांतच रद्द झाली. मी तपासलेल्या किती बँकांविषयी मला असे म्हणता येईल, हा प्रश्न मी स्वतःला विचारून पाहिला आणि गप्प बसलो.

असे असताना लोक बुडतात ते कोठे? नवखा माणूस भ्रमणध्वनीवरील एखाद्या पेढीत खाते उघडतो, शंभर डॉलर भरतो, आणि पडद्यावर त्याच्या नावापुढे बिटकॉइनचा एक अपूर्णांक झळकतो. त्यास वाटते, आपले नाव त्या जगद्व्यापी रोजकीर्दीत चढले. वस्तुतः तेथे त्याच्या नावाची नोंदच नसते. त्या रोजकीर्दीत असते पेढीची नोंद, आणि आपली असते पेढीने स्वतःपाशी ठेवलेल्या खासगी वहीत, जी कोणी पाहू शकत नाही आणि जिच्यात, वडिलांच्या भाषेत, खाडाखोड चालते. पक्क्या वहीची कीर्ती ऐकून माणूस येतो आणि नोंद करून जातो कच्च्या वहीत.

यात नवे काही आहे असेही नाही. पेशवाईत चांदवडी, अंकुशी असे नाना तऱ्हांचे रुपये चलनात होते, आणि एका टांकसाळीचा रुपया दुसऱ्या मुलखात चालवायचा तर सराफ त्यावर बट्टा कापून घेई. कंपनी सरकारने १८३५त सर्व मुलखाकरिता १८० ग्रेनचा एकच रुपया ठरविला तेव्हा कोठे या बट्ट्याच्या धंद्याला ओहोटी लागली. मुलाच्या नावाने उघडलेल्या खात्यातून आम्ही पहिले शंभर डॉलर भरले तेव्हा हाती आलेल्या नाण्याची किंमत सत्त्याण्णव डॉलर आणि काही सेंट दिसली. दलाली निराळी दाखविली होती, पण खरेदीच्या आणि विक्रीच्या भावांतील फरक निमूटपणे कापला गेला होता. सूनबाई म्हणाली, "म्हणजे बट्टाच की हो, बाबा." मला धन्य वाटले.

आता अलामेडाकडे वळू. आमच्याच काउंटीच्या दुसऱ्या टोकाला, बार्टने वाटेत एकदा गाडी बदलून जाता येते अशा बर्कलीत, २०१७ साली सॅम बँकमन-फ्राइड या तरुणाने अलामेडा रिसर्च नावाची व्यापारी कंपनी काढली. नाव या काउंटीवरून घेतलेले, आणि पुढे 'रिसर्च', अशासाठी की संशोधनसंस्थेला खाते उघडून देण्यास बँका कां-कूं करीत नाहीत. हे त्याने पुढे एका मुलाखतीत स्वतःच सांगितले. २०१९मध्ये त्याने एफटीएक्स ही क्रिप्टोची पेढी काढली. दोन्ही संस्था वेगळ्या, असे ग्राहकांना सांगण्यात येई; प्रत्यक्षात पेढीच्या प्रणालीत एका खात्यास, फक्त त्या एकाच खात्यास, बाकी उणे जाऊ देण्याची गुप्त मुभा होती आणि ते खाते होते अलामेडाचे. त्याची मर्यादा ६५ अब्ज डॉलरपर्यंत वाढवून ठेविली होती, अशी साक्ष ही मुभा प्रणालीत लिहिणाऱ्या सहकाऱ्यानेच २०२३च्या खटल्यात दिली. थोडक्यात, ठेवीदारांचा पैसा मागच्या दाराने मालकाच्या दुसऱ्या दुकानात जात होता. नोव्हेंबर २०२२च्या आरंभी अलामेडाचा ताळेबंद बाहेर फुटला आणि तिची मालमत्ता मुख्यत्वे एफटीएक्सनेच पाडलेल्या नाण्यांची आहे असे उघड झाले. ग्राहक पैसे काढण्यास धावले, आणि ११ नोव्हेंबर रोजी पेढीने दिवाळे काढले. सुमारे ८ अब्ज डॉलरचा खड्डा निघाला. अवसायनासाठी आलेल्या जॉन रे यांना दिसले ते असे की अब्जावधींचा हा व्यवहार लहान दुकानदार वापरतात त्या क्विकबुक्सवर मांडला जात होता आणि खर्चाची मंजुरी गप्पांच्या खिडकीत इमोजी टाकून दिली जात होती. ३६ वर्षांच्या नोकरीत मी पिवळी पडलेली व्हाउचरे पाहिली, अंगठ्यांचे ठसे पाहिले, एका चेअरमनांच्या मेहुण्याने पान खाऊन दिलेली तोंडी मंजुरीही पाहिली. हसरा चेहरा मात्र कोठे पाहिला नव्हता.

२८ मार्च २०२४ रोजी बँकमन-फ्राइडला २५ वर्षांची शिक्षा झाली. ठेवीदारांना पुढे पैसे परत देण्याचे ठरले, काहीसे व्याजासह. पण प्रत्येकाचा हक्क दिवाळ्याच्या दिवशीच्या भावाने डॉलरमध्ये गोठविला गेला. तेव्हा बिटकॉइनचा भाव सतरा हजारांच्या आसपास होता, आणि परतफेडीची योजना ऑक्टोबर २०२४मध्ये मंजूर होईपर्यंत साठ हजारांवर चढला होता. ज्याने नाणे ठेविले होते त्याला नाण्याची त्या दिवशीची किंमत मिळाली, नाणे मिळाले नाही. या सर्व काळात सातोशीची वही बिनचूक चालू होती, हे सांगावयास नकोच.

खरेदीची कथा ही अशी. पण नवख्याला अधिक मोह असतो तो कमाईचा. नाणे नुसते पडून का राहावे, त्यावर व्याज मिळवावे, ही आपल्या मध्यमवर्गीय मनाची जुनी ओढ. आणि तेथे विचारावयाचा प्रश्न एकच, की हे व्याज कोण देतो आणि कशातून देतो. बिटकॉइनला पीक येत नाही, भाडे येत नाही. सेल्सियस नावाची कंपनी वर्षाला १७ टक्क्यांपर्यंतचे आमिष दाखवीत असे. तिने १२ जून २०२२ रोजी पैसे काढणे बंद केले, महिन्याभराने दिवाळे काढले, आणि जानेवारी २०२३मध्ये न्यायालयाने असा निवाडा दिला की व्याजखात्यांत ठेवलेली नाणी करारान्वये कंपनीच्याच मालकीची झाली होती. सुमारे सहा लाख खातेदार त्या दिवशी मालकाचे घेणेकरी झाले, आणि घेणेकऱ्यांच्या रांगेतही शेवटचे. करार त्यांनी मान्य केला होता. वाचला किती जणांनी असेल?

परदेशाला हसण्याचे कारण नाही. अमित भारद्वाज याच्या गेनबिटकॉइन योजनेने, जिचे बळी पुण्यापासून दिल्लीपर्यंत पसरले, १८ महिने दरमहा १० टक्के देण्याचे वचन दिले होते. नंतर बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाची घरगुती नाणी लोकांच्या माथी मारली गेली. पुणे पोलिसांनी २०१८मध्ये भारद्वाजला अटक केली, आणि २०२२च्या जानेवारीत तो मरण पावला. त्याच साली तपासात पोलिसांना साहाय्य करणाऱ्या दोघा तज्ज्ञांनाच, जप्त नाणी स्वतःकडे वळविल्याच्या आरोपाखाली, अटक करावी लागली. प्रकरण पुढे सीबीआयकडे गेले. दरमहा १० टक्के! आमच्या लहानपणी पठाणालाही इतका दर मागावयास धीर झाला नसता.

प्रामाणिक कमाईचे मार्ग नाहीत असे नाही, मात्र ते रुक्ष आहेत. पाने जोडण्याचा उद्योग, ज्यास मायनिंग म्हणतात, तो आता कोठारे भरून यंत्रे लावणाऱ्यांचा झाला; कॅलिफोर्नियाच्या विजेच्या दरात घरगुती यंत्र लावणे म्हणजे तुपाचे दिवे लावून तेल गाळणे. इथर या नाण्याच्या प्रणालीने १५ सप्टेंबर २०२२ रोजी ती पद्धत सोडून तारणाची पद्धत स्वीकारली. तीत ३२ इथर अडकवून ठेवणारास पाने तपासण्याचा मोबदला मिळतो आणि कामात कसूर केल्यास तारणातून दंड कापला जातो. हे व्याज निदान कोठून येते ते कळते. काही पेढ्या छोटे धडे पाहिल्याबद्दल चार-दोन डॉलरची नाणी देतात. सूनबाईने तसे अकरा डॉलर मिळविले, आणि माझ्या मते या साऱ्या धंद्यात तिने केलेली ही सर्वांत निर्धोक कमाई.

पेढीवर विश्वास नसेल तर किल्ली स्वतः बाळगावी, असे या पंथातील जुने लोक सांगतात. किल्ली म्हणजे २,०४८ इंग्रजी शब्दांच्या ठरीव यादीतून यंत्राने निवडलेले बारा किंवा चोवीस शब्द, ओळीने. ते ज्याच्या हाती, धन त्याचे. ते हरवले तर कोणत्याही मामलेदाराकडे दाद नाही. सॅन फ्रान्सिस्कोतील एका प्रोग्रॅमरची ७,००२ बिटकॉइन ज्या उपकरणात बंद आहेत त्याचा परवलीचा शब्द तो विसरला, आणि दहापैकी दोनच प्रयत्न उरले असल्याचे वृत्त २०२१मध्ये आले होते. म्हणून दुसऱ्याच्या कच्च्या वहीपासून सुटका हवी असेल तर स्वतःच्या विसराळूपणाशी गाठ आहे, हे आधी पत्करावे. अमेरिकेतील बँकेतील ठेवीस अडीच लाख डॉलरपर्यंत सरकारी विमा आहे. क्रिप्टोला तो नाही.

सरकारचे मात्र लक्ष आहे. येथील प्राप्तिकर खात्याने २०१४ सालीच हे चलन नसून मालमत्ता आहे असे ठरविले, त्यामुळे बिटकॉइन देऊन कॉफी घेणे हीदेखील कायद्याने मालमत्तेची विक्री होते. आणि या व्यवहारांचा प्रश्न २०२०पासून विवरणपत्राच्या पहिल्याच पानावर विचारला जातो. तारणाचा मोबदला हाती आला त्या दिवशीच उत्पन्न ठरतो. भारतात २०२२पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाही. कॅलिफोर्निया राज्याने जानेवारी २०२४पासून दुकानांतील क्रिप्टो यंत्रांवर एका माणसास दिवसाला १,००० डॉलरची मर्यादा घातली. कारण फोनवरून धमकावलेले वृद्ध लोक, म्हणजे माझ्या वयाचे, त्या यंत्रांत आयुष्याची पुंजी ओतीत होते. फोनवर ओळख झालेल्या कोणीही सांगितले म्हणून एक सेंटही पाठवू नये, हे वाचकांना मी हात जोडून सांगतो.

वर्षाची मुदत संपली तेव्हा आम्ही ठरविले ते असे. महिन्याला शंभर नव्हे, पन्नास डॉलर. ते बुडाले तरी घराचा हप्ता चुकणार नाही असेच. प्रत्येक खरेदीची तारीख, भाव आणि बट्टा लक्ष्मीपूजनाच्या वहीत शाईने लिहावयाचा. पाचशे डॉलर जमले की पेढीवरून काढून स्वतःच्या किल्लीखाली न्यावयाचे, आधी दहा डॉलर पाठवून वाट तपासून. बारा शब्द कागदावर लिहून दोन ठिकाणी ठेवले आहेत. छायाचित्र काढलेले नाही. व्याजाच्या योजनेत एक डॉलरही घातलेला नाही, आणि मी आहे तोवर घालू देणार नाही.