बारा आण्यांचा मसाला

चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण ज्याने काढली, तो गृहस्थ वाणिज्य शाखेचाच असला पाहिजे. साहित्याच्या माणसाने कोंबडीच्या चवीवर लिहिले असते, विज्ञानाच्या माणसाने तिच्या हाडांवर. मसाल्याचा खर्च वेगळ्या रकान्यात दाखवण्याची बुद्धी फक्त बी. कॉम. झालेल्यालाच होते. पण म्हणीत एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. कोंबडी घेऊन घरी आल्यावर बायकोने विचारले, "अहो, केवढ्याला पडली?" तर उत्तर काय द्यायचे? चार आणे की सोळा आणे?

हा प्रश्न दिसतो स्वयंपाकघरातला, पण आहे नीतिशास्त्रातला. "चार आणे" हे उत्तर खोटे नाही. कोंबडीवाल्याला चारच आणे दिले. पण ते खरेही नाही. सत्य आणि असत्य यांच्यामध्ये जी एक अरुंद गल्ली आहे, तिला व्यापारी भाषेत "मूळ किंमत" म्हणतात. सगळा संसारी पुरुषवर्ग याच गल्लीतून ये-जा करीत असतो.

मला हा प्रश्न पडायचे कारण माझा छंद. मी राहतो डहाणूला आणि नोकरी करतो तलासरीच्या एका बँकेत, कारकून म्हणून. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजणाऱ्या माणसाला संध्याकाळी एखादा तरी आचरट शौक लागतोच. मला जुन्या चित्रकथांचा, म्हणजे कॉमिक्सचा आहे. त्यातही वेताळाचा. ली फॉक यांनी १९३६ साली अमेरिकेत जन्माला घातलेला हा मुखवटेवाला १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्समधून आपल्याकडे आला आणि १९९० साली ती मालिका बंद पडेपर्यंत राहिला. त्याच्या मुलुखाचे मूळ नाव बंगाल्ला. इथे येताना ते 'देंकाली' झाले. आमच्या शाळेत वेताळाची कवटीची अंगठी हवी नव्हती असा मुलगा नव्हता आणि तिचा ठसा कुणाच्या हनुवटीवर उठवायचा हे ठरलेले नव्हते असाही नव्हता.

त्या अंकांचे पुढे काय झाले हे सांगायला नको. निम्मे रद्दीत गेले, उरलेल्यांत भजी बांधली गेली आणि त्यातूनही जे वाचले ते दुर्मिळ झाले. दुर्मिळ वस्तू म्हणजे तरी काय? इतर सर्वांच्या घरी जिची वेळच्या वेळी रद्दी झाली ती. अमेरिकेत १९३८ साली सुपरमॅन ज्यात पहिल्यांदा अवतरला तो अंक दहा सेंटला मिळत होता. त्याचीच एक प्रत एप्रिल २०२४ मध्ये लिलावात साठ लाख डॉलरला गेली. म्हणजे ती प्रत टाकून न देणाऱ्या बाईंचे किंवा बुवांचे घर फारच अस्ताव्यस्त असले पाहिजे.

तर परदेशी लिलावांच्या याद्या वाचणे हा माझा रात्रीचा उद्योग. ऑस्ट्रेलियात १९४८ पासून वेताळाचे अंक निघत आले आहेत, त्यातला एखादा जुना अंक कुठेतरी निघतो. समजा, तो शंभर डॉलरला पुकारला जातो आहे. हिशोबाला सोपे म्हणून डॉलर नव्वद रुपये धरू. म्हणजे नऊ हजार. ही झाली कोंबडी. आता मसाला वाटू.

पहिला मसाला लिलाववाल्याचा. हातोडी ज्या किमतीला पडते, त्यावर खरेदीदाराने वेगळी दलाली द्यायची. ही प्रथा लंडनच्या क्रिस्टीज आणि सदबीज या दोन मोठ्या घरांनी १९७५ साली सुरू केली. तेव्हा ती दहा टक्के होती, आता वीस-पंचवीसच्या घरात खेळते. आपण वीस धरू. शंभराचे एकशेवीस झाले. दुसरा मसाला टपालाचा आणि विम्याचा: पुठ्ठा, बुडबुड्यांचा कागद आणि विमानभाडे मिळून समजा पंचेचाळीस. झाले एकशेपासष्ट डॉलर, म्हणजे चौदा हजार आठशे पन्नास रुपये. तिसरा मसाला आमच्या जातभाईंचा. कार्डाने परकी चलनात पैसे भरले की बँक साडेतीन टक्क्यांपर्यंत चलनबदलाचा आकार लावते. ते झाले पाचशेवीस रुपये. त्या पाचशेवीसवर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे आणखी चौऱ्याण्णव. एकूण पंधरा हजार चारशे चौसष्ट. आणि अंक अजून समुद्रापलीकडेच आहे!

चौथा मसाला सीमाशुल्काचा. ते नुसत्या वस्तूच्या किमतीवर घेत नाहीत. कायद्याप्रमाणे वस्तू, तिचे भाडे आणि तिचा विमा या तिन्हींची बेरीज करून त्यावर शुल्क बसते. भाड्याचा आकडा मिळत नसेल तर वस्तूच्या किमतीच्या वीस टक्के भाडे आणि सव्वा टक्क्याला जरा कमी इतका विमा धरून चालतात. २०१७ पर्यंत तर आणखी एक टक्का उतरणावळ धरायचे, मग प्रत्यक्षात कुणी काही उतरवले असो वा नसो. थोडक्यात, हमालीवरही जकात! शिवाय कुरिअरवाला हे शुल्क आपल्यातर्फे भरतो आणि भरल्याबद्दल आपल्याकडूनच मेहनताना घेतो.

यावर जाणकार मंडळी एक तोड सांगतात. "पाठवणाऱ्याला सांगा, 'भेटवस्तू, किंमत दहा डॉलर' असे लिहायला." सल्ला मोफत असतो, पण त्यालाही मसाला आहेच. तो कायद्याने गुन्हा आहे ही एक गोष्ट. दुसरी अशी, की पार्सल वाटेत हरवले तर विमेवाले आपण लिहिलेली खोटी किंमत अत्यंत प्रामाणिकपणे चुकती करतात.

आता आमच्या गावची रीत पाहा. डहाणूच्या बाजारात मावशीकडून बोंबलाचा वाटा घेतला तर आधी घासाघीस होते, मग मावशी चार शिव्या आणि दोन बोंबील वर टाकते. तिथे सौदा ठरल्यावर गिऱ्हाइकाला वर काहीतरी मिळते. लंडन-अमेरिकेच्या लिलावात सौदा ठरल्यावर गिऱ्हाइकाला वर काहीतरी द्यावे लागते. पूर्व आणि पश्चिम यांच्या संस्कृतींवर जाडजाड ग्रंथ आहेत म्हणे. माझ्या मते ते दोन बोंबील पुरे आहेत.

पण मावशीचे कौतुक फार करायला नको, कारण मसाला आपल्याकडेही आहे. फक्त तो दुसऱ्या बाजूने वाटला जातो. आमचे शेजारी चिकूचे वाडीवाले. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे फळाचा रुबाब वाढला. माल बाजाराला जातो, भाव फोनवर कळतो आणि घरात आनंदीआनंद होतो. मग चार दिवसांनी पट्टी येते. पट्टीत भाव वर असतो आणि खाली गाडीभाडे, हमाली, तोलाई, खोकी अशी भुतावळ. शेजारी म्हणतात, "भाऊ, भाव हा ऐकायचा असतो. खायची ती पट्टी." एवढे अर्थशास्त्र मला तीन वर्षांच्या पदवीत कुणी एका वाक्यात सांगितले नव्हते.

२०१६ सालीच महाराष्ट्रात असे ठरले, की फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून नव्हे, खरेदीदाराकडून घ्यायची. म्हणजे लंडनने १९७५ साली जे केले त्याचाच हा देशी अवतार. आता वाणिज्याचा पदवीधर विचारणार: आडत खरेदीदारावर गेली, तर तो भावच तेवढा कमी बोलणार नाही का? लिलावातला शहाणा माणूस हेच करतो. शंभरपर्यंत जायची ऐपत असेल तर तो त्र्याऐंशीला थांबतो, कारण वर वीस टक्के आहेत हे त्याला ठाऊक असते. आडत कुणाकडून घेतली हे पावतीवर दिसते. ती कुणाला पडली हे पावतीवर कधीच दिसत नाही. ती बहुधा त्याला पडते, ज्याला थांबता येत नाही. चिकू झाडावरून उतरवला की थांबत नाही. वेताळ मात्र पन्नास वर्षे थांबलेला असतो, आणखी पन्नास थांबेल.

आणि इथे माझी थट्टा जरा अडखळते. कारण ज्या तलासरीला मी रोज एसटीने जातो, तिथे मसाल्याचा एक जुना हिशोब आहे. या भागातला वारली लग्नासाठी जमीनदाराकडून थोडी रक्कम उसनी घ्यायचा आणि त्या बदल्यात तो आणि त्याची नवी बायको जमीनदाराकडे राबायला लागायची, पुष्कळदा जन्मभर. त्याला 'लग्नगडी' म्हणत. मुद्दल लग्नापुरते, आणि मसाला म्हणजे सगळे आयुष्य. १९४५ साली आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी वारली जमले आणि तिथून ही पद्धत आणि वेठबिगार मोडायला सुरुवात झाली. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये ते सारे लिहून ठेवले आहे.

माझा काही हजारांचा मसाला आणि तो मसाला यांना एका पानावर ठेवायला मला संकोच वाटतो. पण एकाशेजारी एक ठेवल्याशिवाय फरक कळतही नाही. वरखर्च मोठा आहे म्हणून तो अन्याय होत नाही. माझा वरखर्च यादीच्या शेवटच्या पानावर, बारीक का होईना, छापलेला असतो; मला तो वाचता येतो; आणि वाचून झाल्यावर दिवा मालवून झोपी जाता येते. लग्नगड्याला यातले एकही करता येत नव्हते. "हो" म्हणण्याआधी पूर्ण आकडा कळणे आणि कळल्यावर "नाही" म्हणता येणे, या दोन गोष्टी असल्या तर मसाला ही आपली हौस. नसल्या तर ती लूट, मग रक्कम चार आणे का असेना.

आमच्या धंद्यालाही हे उशिरा का होईना पटले. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज देताना सगळे आकार धरून वर्षाला नेमके किती टक्के पडतात, ते एका पत्रकावर कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावे लागते. पत्रकात नसलेला आकार त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. आमच्या काउंटरवर एखादी आजी अंगठा टेकवण्याआधी विचारते, "बाबा, सगलं मिलून किती?" तेव्हा मला त्या पत्रकातली ती एकच ओळ मोठ्याने वाचावी लागते. पुष्कळदा आजी ती ऐकते, अंगठा पदराला पुसते आणि घरी जाते. शाखेचे उद्दिष्ट तेवढ्याने हुकते, पण त्या दिवशी मला जेवण गोड लागते.

मग जो न्याय आजीला, तोच घरी सौभाग्यवतीला नको का? संसाराचे खाते संयुक्त असते. हातोडीची किंमत तेवढी सांगून मसाला दिवाळी बोनसमध्ये लपवणारे माझे कितीतरी छंदबंधू आहेत, आणि ते एरवी सज्जन आहेत. ते म्हणतात, "हौसेला मोल नसते." खरे आहे. पण हौसेला हमाली असते, आणि ती दोघांच्या खिशातून जाते.

म्हणून मी नियम केला आहे. बोली लावण्याआधी कागदावर पट्टी मांडायची, वाडीवाल्यांची करतात तशीच, पण उलटी: भाव वर, भुतावळ खाली आणि शेवटी बेरीज. ती सौ.च्या हातात द्यायची. गेल्या महिन्यात दिली. तिने चष्मा लावून बेरीज दोनदा तपासली. बेरीज बरोबर आहे असे म्हणाली. मग विचारले, "आणि हा वेताळ म्हणजे ज्याला चालतं-फिरतं भूत मानतात तोच ना? मग त्याला विमानभाडं कशाला?"

या आकाराला माझ्या पट्टीत रकाना नव्हता. बोली लावायची की नाही हे अजून ठरलेले नाही; पण आकडा आता आम्हा दोघांना ठाऊक आहे, आणि तो एकच आहे.