सेवेला चांगले मन पुरेसे आहे का?



काही आठवड्यांपूर्वी रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात आपल्या धर्मग्रामातील एक आई भेटली. तिची मुलगी कॅनडाला निघाली आहे. आपली मुले तिकडे जातात ती बहुधा नर्सिंग, कॉम्प्युटर किंवा हॉटेलच्या शिक्षणासाठी. ही मुलगी मात्र समाजकार्यातील एम.एस.डब्ल्यू. करणार आहे आणि तिला तिथल्या आदिवासी कुटुंबांमध्ये समुपदेशनाचे काम शिकायचे आहे. आई म्हणाली, "भाऊ, सेवा करायला मन लागतं. त्यासाठी परदेशात जाऊन डिग्री कशाला? आपल्या सिस्टर पाड्यावर जातात, त्या काय डिग्री घेऊन जातात?"

तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. खरे तर अनेक सिस्टरांनीही समाजकार्याचे रीतसर शिक्षण घेतलेले असते. मुंबईचे निर्मला निकेतन महाविद्यालय १९५५ साली धर्मभगिनींनीच सुरू केले. पण आईच्या प्रश्नाला एवढे उत्तर पुरत नाही. मन चांगले असेल, हेतू शुद्ध असेल, तर हातून चांगलेच घडते का? हा तिच्या प्रश्नामागचा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर कॅनडाच्या इतिहासात मोठ्या वेदनेने लिहिलेले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कॅनडाच्या सरकारने आदिवासी मुलांसाठी निवासी शाळांची व्यवस्था उभी केली. पैसा सरकारचा आणि कारभार निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांचा. त्यांतील सुमारे ६० टक्के शाळा आपल्या कॅथोलिक संस्थांकडे होत्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस शेवटची शाळा बंद झाली, तोवर सुमारे दीड लाख मुले त्यांतून गेली. मुलांना आईवडिलांपासून तोडले, केस कापले, मातृभाषेत बोलल्याबद्दल शिक्षा केली. अनेकांचा छळ झाला. चार हजारांहून अधिक मुलांच्या मृत्यूची नोंद आज झालेली आहे.

तिथे काही क्रूर माणसे होती, हे खरे. पण सगळेच क्रूर नव्हते. आपण या मुलांचे भले करीत आहोत असे प्रामाणिकपणे मानणारेही पुष्कळ होते. रोज प्रार्थना करणारे, घरदार सोडून आलेले. आपल्याला अस्वस्थ करायला हवे ते हेच.

शाळा ओसरू लागल्या तेव्हा समाजसेवक पुढे आले. १९४७ साली त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने संसदेच्या समितीपुढे मागणी केली की, इतर मुलांसाठी असलेल्या बालकल्याणाच्या सोयी आदिवासी वस्त्यांतही मिळाव्यात. मागणी समतेची वाटते. १९५१ साली कायदा बदलला आणि प्रांतांचे बालकल्याण अधिकारी वस्त्यांत जाऊ लागले. त्यांना काय दिसले? लहान घर, एका खाटेवर तीन मुले, घरात नळ नाही, मूल आजीपाशी वाढते आहे. त्यांच्या पुस्तकात याला हयगय म्हणत. पुढच्या तीन दशकांत सुमारे २०,००० मुले उचलून परक्या कुटुंबांत दिली गेली. गरिबीवर उपाय झाला नाही. गरिबांची मुले मात्र गेली. २०१९ साली त्याच संघटनेने आपल्या वाट्याच्या चुकीबद्दल जाहीर माफी मागितली.

हा केवळ भूतकाळ नाही. २०२१ च्या जनगणनेनुसार कॅनडातील १५ वर्षांखालील मुलांत आदिवासी मुले ७.७ टक्के होती; पण पालक-कुटुंबांत ठेवलेल्या मुलांत त्यांचे प्रमाण ५३.८ टक्के होते. सिंडी ब्लॅकस्टॉक या आदिवासी समाजसेविकेने २००७ पासून सरकारविरुद्ध लढा दिला. वस्त्यांतील बालकल्याणासाठी सरकार कमी पैसा देते आणि हा भेदभाव आहे, असा निर्णय मानवी हक्क न्यायाधिकरणाने २०१६ साली दिला. म्हणजे ज्या आईला पाणी, घर आणि औषध द्यायला हवे होते, तिला नालायक ठरवले जात होते.

आता त्या मुलीच्या शिक्षणाकडे वळू. क्लिनिकल सोशल वर्क म्हणजे दुःखाने, व्यसनाने किंवा आघाताने खचलेल्या व्यक्तीला आणि कुटुंबाला समुपदेशनाने उभे राहायला मदत करणे. निराशा कशी ओळखावी, आत्महत्येचा धोका कसा जोखावा, मूल सुरक्षित आहे का हे कसे पाहावे, हे सारे त्यात शिकावे लागते. पण आदिवासींबरोबर काम करायचे तर आणखी काही लागते. कॅनडाच्या सत्य आणि समेट आयोगाने २०१५ साली ९४ आवाहने केली. त्यांतील पहिलेच आवाहन बालकल्याणाविषयी आहे. कुटुंबांची चौकशी करणाऱ्या समाजसेवकांना निवासी शाळांचा इतिहास आणि परिणाम यांचे योग्य शिक्षण मिळावे, असे त्यात सांगितले आहे.

ऑन्टारिओ प्रांतातील विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठाने २००६ साली आदिवासी दृष्टीवर आधारलेला एम.एस.डब्ल्यू. अभ्यासक्रम सुरू केला. विद्यार्थी आणि शिक्षक वर्तुळात बसतात. समाजातील ज्येष्ठ माणसे प्राध्यापकांच्या बरोबरीने शिकवतात. मी कोण, माझे पूर्वज कोण, माझ्या मनात कोणत्या समजुती भरल्या आहेत, हे विद्यार्थ्याला स्वतःविषयी आधी तपासावे लागते. ज्यांचे घर आपण तपासणार, त्यांच्याआधी आपले मन तपासायचे. आपण पापनिवेदनापूर्वी करतो त्या आत्मपरीक्षणाहून हे फार वेगळे नाही.

कोणी विचारील, नम्रतेच्या नावाखाली आपण डोळे मिटून घ्यायचे का? एखादे मूल खरोखर मार खात असेल, तर त्यांची संस्कृती वेगळी आहे म्हणून गप्प बसायचे का? मुळीच नाही. मूल कोणाचेही असो, त्याचे रक्षण झालेच पाहिजे. पण रक्षण करणाऱ्याने आधी विचारावे: या मुलाची आजी कुठे आहे? मावशी, काका, शेजारी काय म्हणतात? मूल आपल्या माणसांतच सुरक्षित राहावे म्हणून काय करता येईल? २०२० पासून लागू झालेल्या कायद्याने आदिवासी समाजांचा आपल्या मुलांविषयी स्वतः कायदे करण्याचा हक्क मान्य केला आणि २०२४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. मदत करणाऱ्याचे ज्ञान त्यामुळे वाया जात नाही. निर्णयाच्या खुर्चीवर मात्र तो एकटा बसत नाही.

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी माझी एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी नाताळच्या सुमारास आम्ही काही जण कपडे आणि बिस्किटांचे पुडे घेऊन एका पाड्यावर गेलो होतो. एका झोपडीत नऊ-दहा वर्षांचा मुलगा भर दुपारी घरी बसलेला दिसला. मी त्याच्या आईला सुनावले, "मुलाला शाळेत का पाठवत नाही? त्याचं आयुष्य फुकट घालवाल." ती काही बोलली नाही. तिने आम्हांला कोरा चहा दिला. परतताना शेजारच्या म्हातारीने सांगितले की, मुलगा आश्रमशाळेतून आजारी होऊन आला होता आणि त्याच्या उशाशी बसता यावे म्हणून त्या बाईने वीटभट्टीवरची मजुरी बुडवली होती. मन माझे चांगलेच होते. पण मी विचारले नव्हते, ठरवले होते.

शुभवर्तमानात यरीहोच्या वाटेवर बसलेला आंधळा बार्तिमय आठवा. त्याला काय हवे आहे हे कोणालाही दिसत होते. प्रभू येशूला तर ते ठाऊकच होते. तरीही त्याने आधी त्याला जवळ बोलावले आणि मी तुझ्यासाठी काय करावे, असे विचारले. लोक त्या भिकाऱ्याला गप्प राहा म्हणून दटावत होते; प्रभूने त्याला बोलायला लावले. दृष्टी नंतर मिळाली, मान आधी मिळाला.

२५ जुलै २०२२ रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस वृद्धापकाळात व्हीलचेअरवरून कॅनडातील मास्क्वासीस या ठिकाणी गेले. अनेक ख्रिस्ती लोकांनी आदिवासींवर केलेल्या अन्यायाबद्दल त्यांनी क्षमा मागितली. त्या दौऱ्याला त्यांनी प्रायश्चित्ताची यात्रा म्हटले होते. ख्रिस्तसभेच्या प्रमुखाला जे करताना कमीपणा वाटला नाही, ते करताना आपल्याला का वाटावा?

म्हणून त्या आईला आता माझे उत्तर असे: बाई, मुलीला जाऊ द्या. तिचे चांगले मन ती येथूनच घेऊन जाते आहे. ते तुम्ही दिलेत. हे मन दुसऱ्याच्या दारात कसे थांबते, हे तिला तिथे शिकायचे आहे. डिग्रीने ते आपोआप येईल असेही नाही. कागद घेऊन मिरवणारे जगात पुष्कळ आहेत. पण जिथे आपल्याच माणसांनी चांगल्या हेतूने घरे मोडली, तिथे न शिकता जाणे हा साधेपणा नव्हे, निष्काळजीपणा आहे.

आणि जे येथेच राहणार आहेत त्या आपल्यासाठी? येत्या आठवड्यात आपल्या घरी काम करणारी बाई, वाडीत मजुरीला येणारा पाड्यावरचा माणूस, किंवा ज्याला आपण नेहमी सल्ला देतो तो धाकटा भाऊ, यांपैकी एकाला काही देण्याआधी वा सांगण्याआधी एवढेच विचारू या: तुला काय हवे आहे? आणि उत्तर संपेपर्यंत गप्प बसू या.