ठेका सोडलेला पाय

गिटार अजून पिशवीतच राहू द्या. हात नसलेल्या, न डुगडुगणाऱ्या खुर्चीवर बसा. पाठ टेकू नका, पण ताठही धरू नका. चपला दाराबाहेर आहेत, तळवे लादीवर. वाद्याला चुकून पाय लागला तरी चटकन नमस्कार करणारी आपण माणसं. विजेवरच्या स्टील गिटारला मात्र वाद्याचा एक हिस्सा पायाखाली घ्यावा लागतो. व्हॉल्यूम पेडलवर पाय ठेवताना मनात काहीतरी अडतं. अडू द्या. तो संकोच कामाचा आहे, कारण जोर लावणारा पाय इथे नकोच आहे.

आता ऐका. भिवंडीत खिडकी लावून घेतली तरी माग ऐकू येतात. यंत्रमागात धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा या टोकाकडून त्या टोकाला मारला जातो. एका खोलीत असे कितीतरी माग, प्रत्येकाची लय शेजारच्यापेक्षा किंचित पुढे नाहीतर मागे. त्यातली एक लय तुमच्या कानाने निवडली असेल. ती अंगात कुठवर उतरली आहे, ते पाहा. मान? खांदा? उजव्या पायाचा अंगठा लादी दाबतो आहे का? दाबत असेल तर थांबवायची घाई नको. नुसतं पाहा, तो किती इमानाने दाबतो आहे ते.

ताल पायात असणं आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. भजनात बसलेल्याचा पाय पखवाजाबरोबर हलतो, वारीत तर पाऊली म्हणजे चालता ठेकाच. पण हाच पाय पेडलवर ठेवला की प्रत्येक ठेक्याला आवाज उसळतो आणि पडतो. वाजवणाऱ्याला ते कळत नाही, त्याचं लक्ष डाव्या हातातल्या, तारांवरून सरकवायच्या बारवर असतं. ऐकणाऱ्याला मात्र सूर लंगडतो आहे असं वाटतं. म्हणून आजचं मनन एवढंच: ठेका सोडलेला पाय कसा असतो?

भिवंडीतले पाय एकेकाळी विणत होते. 1857 नंतर उत्तरेकडून आलेली मोमीन विणकर कुटुंबं इथे स्थिरावली. खड्डामागावर विणकर काठाशी बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि तळव्याखालच्या पट्ट्या आळीपाळीने दाबून ताण्याचे धागे वर-खाली करतो. मधल्या वाटेतून धोटा बाणा नेतो. विसाव्या शतकात यंत्रमाग आले, पट्ट्या हलवण्याचं काम यंत्राने घेतलं आणि कामगाराच्या पायांना उरलं ते पाळीभर उभं राहणं, या मागाकडून त्या मागाकडे जाणं. विणकराचा पाय ठेक्याचाच होता, त्यात शंका नाही. ठेका चुकला तर कापड चुकलं.

सुरासाठी पाय वापरण्याची आपली शाळा वेगळी, ती संगीत नाटकात होती. 1913 साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या गाण्यामागे अहमदजान थिरकवांचा तबला होता, कादरबक्षांची सारंगी होती आणि हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन. ऑर्गनवाल्याचे दोन्ही पाय भाता हलवत राहतात, आणि आवाज खुलवायला गुडघ्याजवळ दांडी असते. तबल्यावर समेची ओढ लागलेली असताना त्याने पायांनी तालात जायचं नाही. भात्यात हवा किती उरली तेवढंच पाहायचं. हात तालात आणि पाय श्वासात. स्टील गिटार शिकवणाऱ्यांनी हे उदाहरण का देऊ नये, मला समजत नाही.

आता पेडल घ्या. लादीवर ते सरकतं, म्हणून खाली रबराचा तुकडा घाला. भिवंडीत कापडाला तोटा नाही, पण कापड पेडलसकट सरकेल. पेडल अजून पायाखाली ओढू नका. आधी डोळे मिटा आणि उजवा पाय गुडघ्यातून उचलून, जिथे पडेल तिथे पडू द्या. बहुतेक तो सरळ पडणार नाही. चवडा थोडा बाहेर वळलेला असेल. तसाच असू द्या. डोळे उघडा आणि पेडल त्या जागी, त्याच कोनात आणून ठेवा. पेडल पायाकडे आलं पाहिजे. पाय त्याच्याकडे ओढून नेला की तासाभराने गुडघ्याची आतली बाजू बोलायला लागते.

टाच पेडलवर विसावू द्या. चवडा वर घेऊन पेडल बंद करा आणि तिथेच थांबा. नडगीच्या पुढच्या बाजूला ताण येतो का? येत असेल तर पेडल जवळ आलं आहे, चवडा वर धरून ठेवण्याचं काम नडगीचे स्नायू करत आहेत. पेडल बोटभर पुढे सरकवा. पुन्हा थांबा. आणखी बोटभर. एक जागा अशी येते की घोटा उघडा राहतो आणि पेडल बंद ठेवण्यासाठी फारसं काही करावं लागत नाही. फार पुढे गेलात तर टाच सुटेल आणि चवडा शोधत राहील. या दोन्हींच्या मधली जागा मोजपट्टीने सापडत नाही. इथे वेळ घ्या, हवा तेवढा.

गिटार मांडीवर घ्या. उजवा पाय पेडलच्या उंचीइतका वर आहे, म्हणून उजवी मांडी वर आणि वाद्य डावीकडे कललेलं. बार त्या उतारावर हळूच घरंगळू पाहतो, डावा हात तो रोखून धरतो, आणि सूर किंचित चढा-उतरा लागला की आपण कानाला दोष देतो. डाव्या पायाखाली तेवढ्याच उंचीची लाकडी फळी घाला. आता पेडल हळू उघडा, बंद करा, आणि मांडी हलते का ते पाहा. हालचाल घोट्यात संपली पाहिजे. गुडघ्यापर्यंत पोचली तर ती बारपर्यंतही पोचली.

ब्रिजभूषण काब्रा यांनी हा सगळा प्रश्नच सोडून दिला. ते गिटार घेऊन मांडी घालून जमिनीवर बसले; 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबर वाजते ती त्यांचीच गिटार. पाय दुमडले की सूर लांबवणं मींडेवर आणि चिकारीवर येतं. तोही मार्ग आहे. आपण खुर्ची निवडली आहे, तर पायाला काम आहे.

पेडल निम्म्याच्या आसपास उघडं ठेवा. नखीने एक तार छेडा. सुरुवातीला आवाज झपाट्याने उतरतो, मग सावकाश. तो उतरत जाईल तसा चवडा खाली जाऊ द्या, इतका हळू की पाय हलल्याचं तुम्हालाच कळू नये. शेवटपर्यंत दाबू नका. थोडं राखून ठेवा. सूर संपला की परत निम्म्यावर या आणि दुसरी तार छेडण्याआधी एक श्वास जाऊ द्या. दर वेळी पेडल बंद करून मगच उघडण्याचा मोह होतो, कारण त्याने सारंगीसारखा सूर उगवतो आणि ऐकणारे खूश होतात. क्वचित करा. सतत केलं की गाणं डोलत्या बोटीत बसवल्यासारखं होतं.

मागांची लय पुन्हा पायाकडे येईल. आली की तिला डाव्या पायात जागा द्या. तो फळीवर मोकळा आहे, अंगठ्याने हवा तेवढा ठेका धरू द्या. उजवा मात्र फक्त उतरत्या सुराकडे पाहील. दोन पाय, दोन कामं. पहिल्या काही सुरांत ती एकमेकांत मिसळतील.

मध्येच वीज गेली तर उठू नका. भारनियमन पूर्वीइतकं उरलेलं नाही, तरी जाते. माग थांबतात, आणि ॲम्प्लिफायरही. तार छेडली तर लाकडातून ऐकू येतो तेवढाच बारीक सूर. पेडलचा त्याच्यावर काही परिणाम नाही. तरीही चवडा तसाच, त्याच वेगाने खाली न्या. आवाज चढला की उतरला हे सांगायला आता कान नाही, म्हणून पायाला आपला वेग स्वतःच ओळखावा लागतो. माझ्या मते हा सगळ्यात चांगला सराव आहे.

वीज आली की खडूने पेडलभोवती रेघ ओढा, फळीभोवतीही. उद्या खुर्ची बदलली तर रेघ पुसून पुन्हा डोळे मिटण्यापासून सुरुवात करायची.