रुंद टायर आणि पांदण

ग्रॅव्हल सायकल म्हणजे खडी, मुरूम आणि कच्च्या मातीच्या रस्त्यांवरून लांब पल्ला गाठण्यासाठी बनवलेली सायकल. शर्यतीच्या सायकलसारखे तिचे हँडल खाली वळलेले असते, पण टायर 35 ते 50 मिलिमीटर रुंद असतो आणि त्यात हवा कमी ठेवतात. त्यामुळे चाक दगडावरून उसळत नाही, दगडाला बिलगून पुढे सरकते. चढासाठी हलके गिअर आणि उतारासाठी डिस्क ब्रेक ही तिची बाकीची सामग्री. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या फ्लिंट हिल्समध्ये 2006 साली दोनशे मैलांची एक शर्यत सुरू झाली आणि पुढच्या दशकात हा प्रकार जगभर पोहोचला.

या सायकलीचे सर्वात घट्ट नाते द्राक्षमळ्यांच्या डोंगराळ मुलखाशी जुळले, आणि त्यामागे शेतीचे कारण आहे. वाइनची द्राक्षे उताराच्या, पाण्याचा निचरा होणाऱ्या, फारशा कसदार नसलेल्या जमिनीत चांगली येतात. उतारावर शेतीचे तुकडे लहान पडतात. प्रत्येक तुकड्यापर्यंत छाटणीला, फवारणीला आणि तोडणीला जावेच लागते, म्हणून टेकड्यांवर शेतरस्त्यांचे दाट जाळे तयार होते. या रस्त्यांवर वाहन क्वचितच भेटते. इटलीतल्या टस्कनी प्रांतात कियांतीच्या मळ्यांतून जाणारे असे पांढरे मातीचे रस्ते एकामागून एक डांबराखाली जात होते. ते वाचावेत म्हणून जानकार्लो ब्रोची यांनी 1997 मध्ये गायोले या गावातून ‘लेरोइका’ ही जुन्या सायकलींची फेरी सुरू केली. पहिल्या वर्षी 92 जण आले. दहा वर्षांनी, 2007 मध्ये, त्याच रस्त्यांवर व्यावसायिक शर्यत सुरू झाली. ती आज ‘स्त्रादे बियांके’ या नावाने सायकलजगतात मानाची गणली जाते. ग्रॅव्हलची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 2022 मध्ये इटलीच्याच व्हेनेतो भागात झाली आणि पुढच्या वर्षीचा मार्ग प्रोसेको वाइनच्या टेकड्यांतून गेला. महाराष्ट्रात द्राक्ष आणि वाइनचा मुलूख नाशिक-दिंडोरीचा. सायकलचा नादही तिथे मोठा आहे. 2015 मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी ‘रॅम’ शर्यत दोघांच्या संघात पूर्ण करणारे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू नाशिकचेच.

वऱ्हाडात वाइन नाही. पण ज्या गोष्टींमुळे कियांतीचे रस्ते सायकलला साजेसे ठरले, त्या अमरावती जिल्ह्यात, विशेषतः चांदूर रेल्वेच्या आसपास, जवळजवळ सगळ्या आहेत. अमरावती आणि चांदूर रेल्वे यांच्या मधोमध पोहरा-मालखेडचे राखीव जंगल आणि चिरोडीच्या टेकड्या आहेत. खडक बेसाल्टचा. तो हवापाण्याने कुजून, भुसभुशीत होऊन त्याचा तांबूस-करडा मुरूम होतो. टेकडीच्या माथ्यावर आणि उतारावर मुरूम उघडा पडलेला असतो. खाली उतरत गेले की मातीचा थर जाड होत जातो आणि पायथ्याच्या सपाटीला काळी कसदार जमीन लागते. दहा-बारा किलोमीटरच्या फेरीत सायकलस्वाराच्या चाकाखालून हा सगळा क्रम जातो. वरच्या मुरमावर चाक कुरकुरत पण मोकळे चालते, उतारावर सुट्या दगडांत सरकते, खालच्या काळ्या मातीत जड होते. जमिनीचा पोत हाताला आणि मांड्यांना असा कळत जातो. मोटारीत बसणाऱ्याला हे ज्ञान मिळत नाही, कारण डांबर सगळीकडे सारखेच असते.

पीकही मातीच्या याच क्रमाने बदलते. वर साग, पळस, मोह आणि तेंदू. त्याखाली हलक्या वावरात तूर आणि सोयाबीन, आणि भारी जमिनीत कपाशी, हरभरा. जिथे विहिरीला पाणी आहे आणि निचरा बरा आहे, तिथे संत्र्याचे बगीचे. संत्र्याचे खरे आगर उत्तरेकडे वरूड, मोर्शी आणि चांदूर बाजारच्या पट्ट्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. द्राक्षवेलीप्रमाणेच संत्र्याच्या झाडालाही मुळाशी पाणी साचलेले चालत नाही. साचले की बुंध्याशी डिंक्या रोग धरतो. बहर घेण्यासाठी कास्तकार झाडाला पाण्याचा ताण देतो, पाने सुकू लागेपर्यंत थांबतो आणि मग पाणी सोडतो. मृग बहर आणि आंबिया बहर, दोन्हींसाठी हे धोरण लागते. सायकलच्या चालीने जाणाऱ्याला एका बगीच्यात ताणावर असलेली झाडे आणि शेजारच्या बगीच्यात फुलांचा वास, असा फरक वाटेवरच उमगतो. ताशी पंधरा किलोमीटरचा वेग शेती पाहण्यासाठी फार नेमका आहे. पायी चालणाऱ्याला एका दिवसात एक शिवार दिसते, सायकलवाल्याला आठ-दहा शिवारे एकमेकांशी ताडून पाहता येतात.

या मुलखाला रुंद टायर नवा नाही. खेड्यातली जुनी काळी जेंट्स सायकल 28 इंची चाकाची आणि दीड इंची टायरची असे. दीड इंच म्हणजे सुमारे 38 मिलिमीटर, आजच्या ग्रॅव्हल टायरच्याच मापातला. शाळामास्तर, पोस्टमन, दूधवाले आणि कापूस वेचायला जाणारी जोडपी याच टायरवर मुरमाच्या वाटा तुडवत होती. नव्या सायकलीने भर घातली ती हलक्या वजनाची, गिअरची आणि ब्रेकची. त्यामुळे ग्रॅव्हलची महागडी सायकल हाती नसली म्हणून वऱ्हाडातल्या मुलाने किंवा मुलीने थांबण्याचे कारण नाही. जुन्या सायकलीवर चढ पायी चढावा लागतो आणि उतारावर वेग राखून ठेवावा लागतो, एवढेच.

सायकलवाल्याचा मुख्य आधार मात्र पांदण आहे. गाव नकाशावर ठिपक्यांच्या किंवा दुहेरी रेघांनी दाखवलेल्या गाडीवाटा, शिवरस्ते आणि पांदणी बैलबंड्यांसाठी होत्या. भुसावळ-नागपूर लोहमार्ग 1867 मध्ये पूर्ण झाला आणि चांदूर रेल्वेसारखी स्टेशने कापसाच्या व्यापाराला जोडली गेली. वावरातला कापूस पांदणीने गावात आणि गावातून पुढे बाजाराकडे जाऊ लागला. आता चांदूर रेल्वे तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. त्यावर सायकल काय, मोटरसायकललाही मज्जाव आहे. गावाची रोजची ये-जा महामार्गाच्या खालून, बोगद्यासारख्या मोऱ्यांतून चालू असते. मोठ्या रस्त्याने मुंबई जवळ आली, पण स्वतःच्या वावरात जाण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही.

तो प्रश्न बिकट आहे. धुरा, म्हणजे शेताचा बांध, दरवर्षी नांगराच्या एकेका तासाने सरकत जातो आणि बंडीपुरती रुंद पांदण पायवाट होऊन बसते. पावसाळ्यात काळी माती फुगते, चिकटते आणि चाक जाम करते. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते. ट्रॅक्टर अडकला की सोयाबीन शेतातच भिजते. जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 प्रमाणे शेतात जाण्यासाठी बांधावरून वाट मागता येते आणि मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906 प्रमाणे अडवलेली वाट तहसीलदार मोकळी करून देऊ शकतो. शासनाने 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आणली, ती याच गरजेतून. अशा स्थितीत कच्चा रस्ता सुंदर दिसतो म्हणून तो कच्चाच राहू द्या, असे सायकलवाल्याने म्हणणे हा अन्याय ठरेल. चिखलातून डोक्यावर खताची पोती वाहून नेणाऱ्याला रस्ता कसा असावा हे ठरवण्याचा अधिकार आहे, हौसेने येणाऱ्याला नाही.

पण चिखल आणि सिमेंट यांच्यामध्ये तिसरा रस्ता आहे, आणि कियांतीचा खरा धडा तोच आहे. तिथले पांढरे रस्ते केवळ सायकलमुळे टिकले नाहीत. मळे चालू राहिले, म्हणून रस्त्यांची निगा चालू राहिली. माती खोदून, दगड भरून, मधोमध उंचवटा ठेवून, पाणी मारून मुरमाची दबाई केली, दोन्ही बाजूंना नाल्या काढल्या आणि ओढ्यावर मोरी किंवा रपटा बांधला, तर मुरमाचा रस्ता बारा महिने चालतो. तो सिमेंटपेक्षा स्वस्त पडतो, बिघडला तर गावातल्या गावात दुरुस्त होतो आणि बैलाच्या खुराला सोसतो. मात्र नालीकडे दुर्लक्ष झाले की दोन पावसाळ्यांत तो वाहून जातो. अशा कामांत ढिलाई होते ती बहुधा नालीतच.

फेरीचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंतचा. कापूस वेचणी, तुरीची सोंगणी आणि शेवटी पळसाचा बहर या काळात येतो. एप्रिलपासून ऊन माणसाला टिकू देत नाही आणि मृग लागल्यावर काळी माती चाकाला. बाभळीच्या काट्यांमुळे पंक्चरचे सामान जवळ हवेच. राखीव जंगलात बिबट्याचा वावर आहे, म्हणून तिथे वनखात्याच्या परवानगीने, मोकळ्या असलेल्या रस्त्यानेच आणि उजेडीच जावे. बगीच्यातून जाताना फळाला हात लावू नये, बंडी समोरून आली तर सायकल धुऱ्यावर घ्यावी. सावंगा विठोबाला पायी जाणारे भाविक आणि कुऱ्हा-कौंडण्यपूरकडे जाणारे वारकरी हे या मुलखाचे जुने वाटसरू. रस्त्यावर पहिला मान त्यांचा.

अमरावती-अकोल्यातल्या सायकल मंडळांनी एक काम हाती घ्यावे. प्रत्येक फेरीआधी त्या गावाचा नकाशा पाहावा, पांदण कुठून जाते ते तलाठी आणि कोतवालाला विचारावे आणि जिथे ती अडलेली दिसेल तिथली नोंद ग्रामपंचायतीत द्यावी. जिच्यावरून कोणी जात नाही ती पांदण आधी बुजते आणि मग नांगरली जाते.